ढगाळ हवेत पोलरायझर लावून काय मिळतं?

प्रश्न : दर सप्टेंबरला कासला जातो. डोळ्यांना गर्द दिसणारा तेरडा फोटोत फिका येतो, पानं पांढुरकी चकाकतात आणि कुमुदिनी तळ्यात फुलांपेक्षा ढगच जास्त दिसतात. पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचा, चकाकी कापणारा फिल्टर) घ्यायचा विचार आहे, पण मित्र म्हणतात की ऊन नसताना त्याचा उपयोग नाही आणि आभाळ तर कॉम्प्युटरवरही निळं करता येतं. माझ्या दोन लेन्सचे थ्रेड (फिल्टर बसवायचे आटे) ५५ आणि ६७ मिलिमीटरचे आहेत. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घ्या, आणि कासला जाताना तो लेन्सवर असू द्या. निळं आभाळ हा पोलरायझरचा सगळ्यात गाजलेला उपयोग, पण माझ्या मते सगळ्यात किरकोळ. त्याची खरी करामत ओल्या पानावर दिसते, आणि तिला ऊन लागत नाही.

पाऊस नुकताच उघडलाय, तेरड्याच्या पानांवर पाण्याचा पातळ थर आहे. वरचं अख्खं ढगाळ आभाळ त्या पानावर उमटतं आणि तोच पांढुरका थर पानाचा हिरवा रंग झाकतो. पाण्यावरून किंवा पानावरून तिरकं परावर्तित झालेल्या उजेडाचं कंपन बहुतांशी एकाच दिशेत होतं. पोलरायझर नेमकं तेवढंच अडवतो, खालचा रंग मोकळा होतो. कॉम्प्युटरवर सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) कितीही वाढवा, चकाकीने पांढरा पडलेला भाग पांढराच राहणार, कारण तिथला रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलाच नसतो. (धातूच्या चकाकीवर मात्र फिल्टरचा असर होत नाही.)

लावायचा कसा, तर डोळा व्ह्यूफाइंडरला ठेवून रिंग सावकाश फिरवा. एक जागा अशी येते की पानांवरचा पांढरेपणा सर्रकन ओसरतो. तिथे थांबा. कॅमेरा आडव्याचा उभा केलात की पुन्हा फिरवा, हे हमखास विसरलं जातं. काही जुन्या किट लेन्सचं तोंड फोकस करताना फिरतं. तशी असेल तर आधी फोकस, मग फिल्टर.

तळ्यासाठी कोन सांभाळावा लागतो. कॅमेऱ्याची नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांवर असते तेव्हा चकाकी सर्वांत जास्त कापली जाते. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर सुमारे दोन मीटर पुढचं पाणी या कोनात येतं. तिथे कुमुदिनीचे पाण्यातले देठसुद्धा दिसू लागतात. लांबच्या पाण्यावर असर कमी होत जातो. म्हणजे काठावर उभ्याने फोटो घेणं इथे फायद्याचंच आहे. कोन साधायला फुलांमध्ये पाऊल टाकू नका. सीतेची आसवं ही फुलं बोटाएवढीच उंच असतात, बुटाखाली काय चिरडलं ते कळतही नाही.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. फिल्टर दीड ते दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). १/२५० सेकंदाला मिळणारा फोटो १/६० वर येतो, आणि पठारावरच्या वाऱ्यात १/६० ला फूल हललेलं येणार. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ४०० वरून १६०० करा. थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालेल, हललेली पाकळी चालत नाही.

ऊन पडलं आणि आभाळ घ्यायचंच झालं, तर सूर्यापासून ९० अंशांवरचा पट्टा सर्वांत गडद होतो. वाइड लेन्समध्ये तो पट्टा डागासारखा दिसतो. तिथे फिल्टर अर्धवटच फिरवा किंवा काढून ठेवा. ठोसेघरला धबधब्यापाशी इंद्रधनुष्य दिसलं तर जरा जपून. रिंग एका बाजूला फिरवली की त्याच्या कमानीचा तुकडा नाहीसा होतो, दुसऱ्या बाजूला तोच उठून दिसतो.

खरेदीचं म्हणाल, तर दोन फिल्टर नकोत. ६७ चा एकच चांगला 'सर्क्युलर' (हे प्रकाराचं नाव, आकाराचं नव्हे) घ्या आणि ५५ च्या लेन्सला ५५-६७ स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) लावा. दुकानात पारखायचा असेल तर फिल्टरची लेन्सकडची बाजू डोळ्याकडे धरून एलसीडी लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनकडे बघा. फिरवताना एका ठिकाणी स्क्रीन जवळजवळ काळी व्हायला हवी. नुसती करडी होऊन राहिली, तर तो परत द्या.