तीन कार्डं वापरूनही हाती काही का लागत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे तीन क्रेडिट कार्डं आहेत. एक कॅशबॅकचं, एक रिवॉर्ड पॉइंटचं आणि एक वार्षिक फी भरून घेतलेलं प्रवासाचं. वर्षभर जवळजवळ सगळा खर्च कार्डांवर केलात, तरी फायदा झाल्यासारखं वाटत नाही. आता पाच टक्के कॅशबॅकचं चौथं कार्ड घ्यावं का, असं विचारताय. चौथ्याचं शेवटी सांगते. आधी आहेत त्या तिघांचा हिशोब लावू, कारण गळती बहुधा तिथेच आहे.

पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारते: दर महिन्याचं बिल पूर्ण भरता का? 'बहुतेक वेळा' हे उत्तर इथे चालत नाही. अनेक देशांत कार्डाचं व्याज वर्षाला २० टक्क्यांच्या वर आहे, काही ठिकाणी ४० च्या घरात. हिशोबाला सोपं म्हणून २४ धरा, म्हणजे महिन्याला २. कार्ड २ टक्के कॅशबॅक देत असेल, तर रक्कम एक महिना थकली की मिळालेलं सगळं व्याजात गेलं. त्यापुढचा प्रत्येक महिना पदरमोडीचा.

त्याहून वाईट भाग बऱ्याच जणांना माहीत नसतो. बिल पूर्ण भरलं तरच व्याजमुक्त मुदत मिळते. समजा बिल १०,००० चं आहे आणि तुम्ही ९,५०० भरलेत. व्याज उरलेल्या ५०० वरच लागेल असं वाटतं. पण अनेक बँका खरेदीच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंत संपूर्ण रकमेवर व्याज लावतात, आणि पुढच्या महिन्यातल्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून ऑटो-पे लावलं असेल, तर ते 'पूर्ण रक्कम' या पर्यायावर आहे की 'किमान रक्कम' यावर, हे आजच उघडून बघा. आणखी एक: कॅशबॅक बिलात जमा झाला म्हणजे त्या महिन्याचा किमान हप्ता भरला गेला, असं बऱ्याच कार्डांवर धरत नाहीत. हप्ता वेगळा भरावाच लागतो. कार्डावरून रोख रक्कम काढलीत, तर तिला व्याजमुक्त मुदत मुळातच नसते, वर शुल्क लागतं आणि रिवॉर्ड सहसा मिळत नाही.

यात कुठेही अडकत असाल, तर सध्या रिवॉर्डचा विचार बाजूला ठेवा आणि आधी थकबाकी संपवा. कोणतंही कार्ड व्याजाइतका परतावा देत नाही.

बिल पूर्ण जातंय असं धरून पुढे जाते. रिवॉर्डचा पैसा येतो कुठून, हे एकदा कळलं की कार्डांच्या अटी पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचतात. तुम्ही कार्डाने पैसे दिलेत की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातला छोटा हिस्सा कापला जातो आणि त्यातला बराचसा, इंटरचेंज या नावाने, तुमचं कार्ड देणाऱ्या बँकेकडे येतो. रिवॉर्ड मुख्यतः त्यातून, आणि उरलेलं व्याज व फी भरणाऱ्यांच्या पैशातून दिलं जातं. युरोपीय संघाने २०१५ मध्ये वैयक्तिक क्रेडिट कार्डांवरचं इंटरचेंज ०.३ टक्क्यांवर बांधून टाकलं. म्हणून तिथली रिवॉर्ड कार्डं अगदी किरकोळ देतात. अमेरिकेत क्रेडिट कार्डांवर तशी मर्यादा नाही, त्यामुळे तिथे दीड-दोन टक्के कॅशबॅक ही साधी गोष्ट आहे. याच कारणाने इंधन, सरकारी भरणा, भाडं, वॉलेटमध्ये पैसे टाकणं अशा खर्चांना अनेक कार्डं रिवॉर्ड देत नाहीत किंवा कमी देतात. काही ठिकाणी बँकेला मिळकतच कमी असते, आणि काही ठिकाणी लोक पैसे नुसते गोल फिरवून पॉइंट गोळा करतात. तुमच्या तीनही कार्डांची वगळलेल्या खर्चांची यादी काढा. तुमच्या खर्चाचा मोठा भाग त्या यादीत बसत असेल, तर 'सगळा खर्च कार्डावर' केल्याचा उपयोग शून्याच्या आसपासच राहणार.

खर्च कोणत्या गटात मोडतो, हे तुम्ही काय विकत घेतलं यावर ठरत नाही. दुकानाला मिळालेल्या चार आकडी कोडवर ठरतं. किराणा दुकान आणि सुपरमार्केट ५४११, रेस्टॉरंट ५८१२, इंधन पंप ५५४१. मुक्कामाच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवलात आणि बिल खोलीच्या खात्यात गेलं, तर ते मुक्कामाच्या गटात पडतं, खाण्याच्या नाही. मोठ्या दुकानात किराणा घेतलात, पण दुकानाचा कोड वेगळा असेल, तर किराण्याचे पाच टक्के मिळत नाहीत. नेहमीच्या मोठ्या ठिकाणी एकदा छोटी खरेदी करून स्टेटमेंटमध्ये काय जमा झालं ते बघणं, हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. ग्राहक सेवेला विचारून मिळालेल्या उत्तरापेक्षा स्टेटमेंट खरं.

आता तुमचं फीचं कार्ड. माझ्या मते तुमचा फायदा सर्वांत जास्त इथेच अडकलाय, म्हणून जरा थांबून सांगते. वार्षिक फी वसूल होते का, हे बघताना बहुतेक लोक कार्डाची तुलना शून्याशी करतात. तुलना करायची ती तुमच्याकडे असलेल्या बिनफीच्या कार्डाशी. उदाहरण घ्या. फीचं कार्ड अडीच टक्के देतं, फी २,००० आहे. बिनफीचं कार्ड दीड टक्का देतं. शून्याशी तुलना केली, तर ८०,००० खर्चावर फी वसूल झाली असं दिसतं. पण तोच खर्च बिनफीच्या कार्डावर केला असता, तरी दीड टक्का मिळणारच होता. फीच्या कार्डाने वर दिला तो फक्त एक टक्का. म्हणजे फी वसूल व्हायला २,००,००० चा खर्च लागतो. वर्षाचा खर्च १,२०,००० असेल, तर फीच्या कार्डावर ३,००० मिळून फी वजा जाता १,००० उरतात. साध्या कार्डावर १,८०० मिळाले असते. दर जास्त असूनही ८०० चं नुकसान, आणि ते कुठल्याही स्टेटमेंटवर दिसत नाही.

लाउंज, विमा, मोफत सदस्यत्व या गोष्टी फीच्या बदल्यात धरायच्या असतील, तर जरूर धरा. फक्त ती किंमत तुम्ही स्वतःच्या पैशाने त्या गोष्टीसाठी किती मोजली असती, यावरून लावा. जी गोष्ट तुम्ही कधीच विकत घेतली नसती, तिची किंमत तुमच्या हिशोबात शून्य.

पॉइंटच्या कार्डालाही हाच नियम. पॉइंटला ठरलेली किंमत नसते, तो कुठे खर्च करता यावर ती ठरते. समजा १०,००० पॉइंटचे बिलात २,००० जमा होतात, व्हाउचर घेतलं तर २,५०० आणि विमान तिकिटावर ५,०००. तेच पॉइंट, आणि किंमत अडीचपट. भेटवस्तूंच्या कॅटलॉगमध्ये सहसा सर्वांत कमी भाव मिळतो. शिवाय तिथे वस्तूची किंमत बाजारापेक्षा फुगवलेली नाही ना, हेही बघावं लागतं. म्हणून 'दर १०० वर ४ पॉइंट' हे वाक्य एकट्याने काहीच सांगत नाही. एका पॉइंटचा तुम्हाला खरोखर मिळणारा भाव काढा, त्याने गुणा, मग टक्के हाती येतात.

तिकिटाच्या बाबतीत मात्र स्वतःला फसवू नका. पॉइंटवर ८,००० चं महागडं आसन मिळालं, पण स्वतःच्या पैशाने तुम्ही ३,००० चं साधंच काढलं असतं, तर त्या पॉइंटनी तुमचे वाचवले ३,०००. विमान कंपनीकडे पॉइंट वळवायचे असतील, तर आधी हव्या त्या तारखेला पॉइंटवर जागा आहे का ते बघा आणि मगच वळवा. बहुतेक योजनांमध्ये वळवलेले पॉइंट परत येत नाहीत.

आणि साठवत बसू नका. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली माइल्स योजना (विमानप्रवासावर पॉइंट देणारी) सुरू केली, तेव्हापासून अशा योजनांमध्ये नियम बदलण्याचा हक्क योजना चालवणाऱ्याकडेच आहे. आज १०,००० पॉइंटमध्ये मिळणारी जागा पुढच्या वर्षी १५,००० ला झाली, तर दाद मागायला जागा नसते. पॉइंटवर व्याज मिळत नाही, मुदत संपली की ते जातात, कार्ड बंद केलं तर बऱ्याचदा तेही जातात. ठरलेल्या प्रवासासाठी साठवत असाल तर ठीक. एरवी वापरून मोकळे व्हा. कॅशबॅकचं हेच मला आवडतं: १९८६ मध्ये डिस्कव्हर कार्डाने अमेरिकेत तो लोकप्रिय केला, आणि आजही त्यात एका पैशाची किंमत एक पैसाच असते.

कॅशबॅकच्या कार्डात बघायची गोष्ट म्हणजे वरची मर्यादा. 'पाच टक्के' मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'दर बिलाला कमाल ५००' हे खाली. म्हणजे पाच टक्के फक्त पहिल्या १०,००० वर. पुढे समजा एक टक्का. त्या गटात महिन्याला २५,००० खर्च होत असेल, तर मिळतात ५०० अधिक १५०, म्हणजे ६५०, खरा दर २.६ टक्के. मर्यादा गाठल्यावर उरलेले १५,००० दोन टक्क्यांच्या कार्डावर टाकलेत, तर ८०० होतात. ही मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याने मोजतात की बिलाच्या तारखेने, तेवढं विचारून घ्या. महिनाअखेरची मोठी खरेदी दोन दिवस पुढे ढकलून फरक पडू शकतो.

छोट्या व्यवहारांत आणखी एक चोरवाट आहे. काही कार्डं दर पूर्ण १५० वर पॉइंट देतात आणि प्रत्येक व्यवहार वेगळा मोजतात. मग १४० च्या व्यवहाराला काहीच नाही, आणि २९० च्या व्यवहाराला १५० च्या व्यवहाराइतकेच पॉइंट. रोजचे लहान खर्च अशा कार्डावर करू नका. त्यासाठी सरळ टक्केवारीचं कार्ड बरं.

परदेशातल्या किंवा परकीय चलनातल्या खरेदीबद्दल दोनच वाक्यं. चलन बदलण्याचं शुल्क अनेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतं, म्हणजे दोन टक्के रिवॉर्ड मिळूनही तोटा. आणि मशीनवर 'तुमच्या चलनात भरायचं का' असं विचारलं तर नाही म्हणा आणि त्या देशाच्या चलनातच भरा, कारण तुमच्या चलनात भरताना मशीनवर लागणारा विनिमय दर सहसा महाग पडतो.

नवं कार्ड घेतल्यावर मिळणाऱ्या स्वागत बोनसबद्दलही तुम्ही लिहिलंय. हा बोनस अनेकदा वर्षभराच्या रिवॉर्डपेक्षा मोठा असतो, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये. पण कार्ड घ्यायचं ते एखादा मोठा, आधीच ठरलेला खर्च समोर असताना. तीन महिन्यांत अमुक रक्कम खर्च करायची अट पुरी व्हावी म्हणून गरज नसलेली खरेदी केली, की बोनसचा अर्थच गेला. खर्चाचा टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या वार्षिक बोनसचंही तसंच. वस्तू परत केलीत तर तिच्यावरचा रिवॉर्ड परत घेतला जातो, आणि टप्प्याच्या हिशोबातूनही ती रक्कम वजा होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

हे सगळं सांगूनही मला सर्वांत जास्त काळजी एका गोष्टीची वाटते, आणि ती कुठल्याही तक्त्यात मावत नाही. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या एमआयटीतल्या दोन संशोधकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना पैसे रोख द्यायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली सरासरीने रोखवाल्यांच्या दुपटीहून थोड्या जास्त निघाल्या. प्रत्येक खरेदीत असं होतं असं मी म्हणत नाही. पण दोन टक्के मिळवण्यासाठी खर्च पाच टक्क्यांनी वाढत असेल, तर रिवॉर्डचा कुठलाच हिशोब तो भरून काढू शकत नाही. म्हणून तुमचा महिन्याचा एकूण खर्च कार्डं येण्याआधी किती होता आणि आता किती आहे, हे जुन्या बँक स्टेटमेंटवरून एकदा काढा. भाववाढ सोडून तो वाढलेला दिसला, तर आधी तो का वाढला ते शोधा.

आता चौथ्या कार्डाबद्दल. माझं मत: सध्या नको. तुमचं वर्णन वाचून तीनही कार्डांवर खर्च थोडाथोडा विखुरलाय असं दिसतं. त्यामुळे एकाही कार्डाचा टप्पा गाठला जात नाही आणि फीही वसूल होत नाही. शिवाय प्रत्येक नव्या अर्जाची नोंद तुमच्या पतअहवालात होते. येत्या काही महिन्यांत घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज घ्यायचं असेल, तर नवं कार्ड मुळीच नको. गेल्या बारा महिन्यांचा खर्च चार-पाच गटांत मांडा, प्रत्येक गटापुढे वगळलेले खर्च आणि मर्यादा धरून प्रत्येक कार्डाचा खरा दर लिहा, आणि ज्या गटात सर्वांत जास्त खर्च आहे त्याला सर्वांत चांगलं कार्ड द्या. बाकी सगळं एका सरळ टक्केवारीच्या कार्डावर. बहुतेक घरांना दोन कार्डं पुरतात.

फीच्या कार्डाचं नूतनीकरण जवळ आलं असेल, तर बँकेला फोन करून ते बंद करायचा विचार असल्याचं सांगा आणि फी माफ होते का किंवा त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डात बदलून मिळतं का, हे विचारा. बदलून मिळालं तर ते बंद करण्यापेक्षा बरं, कारण पतमर्यादा टिकते आणि अनेक ठिकाणी खात्याचं जुनेपणही. बंदच करायचं ठरलं, तर आधी पॉइंट वापरून टाका, ऑटो-पेवर असलेली बिलं दुसऱ्या कार्डावर न्या आणि शिल्लक शून्य झाल्याचं लेखी घ्या.

तुमच्या खर्चाचे तीन मोठे गट, फीचा आकडा आणि बिनफीच्या कार्डाचा दर इथे लिहिलात, तर कोणतं कार्ड ठेवायचं याचा हिशोब मी मांडून देते.