विणकर, दोन भाऊ आणि निळा घोडा: हे एकच पुस्तक नसावं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १९८४ च्या मे महिन्यात आचऱ्याला आजोळी, मामाच्या लाकडी पेटीत सापडलेलं, पुढची पानं गेलेलं पुस्तक. एकटा राहणारा विणकर, त्याचं सोनं चोरीला जातं आणि एका रात्री घरात लहान मूल येऊन बसलेलं दिसतं. पुढे दोन मुलं आईबरोबर आगगाडीने बर्फाळ जंगलात वडिलांकडे जातात, त्यातला एक पेटीत झोपून राहतो. आणि कुठेतरी निळ्या घोड्याचं चित्र. 'हे सगळं एकाच पुस्तकात होतं, मला पक्कं आठवतंय,' असं तुम्ही लिहिलंत. बाकी सगळं मान्य, या 'एकाच'वर माझा विश्वास नाही.

विणकर सोपा आहे. तो साने गुरुजींचा 'मनूबाबा'. जॉर्ज इलियटच्या 'सायलस मार्नर' या १८६१ च्या इंग्रजी कादंबरीवरून गुरुजींनी ही गोष्ट मराठीत आणली. मूळ कादंबरीत विणकराची नजर अधू असते. शेकोटीपुढे काहीतरी पिवळं चमकताना दिसतं, आपलं सोनं परत आलं म्हणून तो हात पुढे करतो आणि हाताला लागतात मऊ केस. तुम्ही 'त्याला वाटतं सोनं परत आलं' एवढंच लिहिलंय, पण तेवढ्यावर मी पैज लावायला तयार आहे.

इतकी वर्षं हे सापडलं का नाही, तर आपल्या लहानपणी हातात आलेली बरीच पुस्तकं रूपांतरं होती. गावाचं नाव आपलं, माणसाचं नाव आपलं, गोष्ट मात्र समुद्रापलीकडची. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा तो फ्रेंच आहे याच्याशी आम्हा पोरांना काही देणंघेणं नव्हतं. म्हणून पात्राच्या नावावरून शोधायला गेलात की फसलात. प्रसंग धरून शोधायचं, आणि मराठीत नाही मिळालं तर तोच प्रसंग इंग्रजीत घालून बघायचा.

आता आगगाडी. दोन भाऊ, लांब कुठेतरी कामावर असलेले वडील, बर्फ आणि पेटीत झोपलेला मुलगा: ही अर्कादी गायदारची 'चुक आणि गेक', मूळ रशियन, १९३९ ची. त्यात एक तारही आहे बघा. भावाभावांच्या मारामारीत ती खिडकीबाहेर जाते, दोघं आईला सांगत नाहीत, आणि तिकडे पोचल्यावर वडिलांच्या तळावर राखणदाराखेरीज कोणी नसतं. हे वाचून काही आठवलं, तर दुसरं पुस्तकही मिळालं म्हणून समजा.

खरं सांगायचं तर आधी मीही तुमच्यासारखाच चकलो. इलियटच्या कादंबरीत ती पोर नववर्षाच्या आदल्या रात्री बर्फातूनच येते आणि गायदारची गोष्टही नववर्षाच्या रात्रीच संपते. पण तुमच्या प्रश्नात आणखी एक ओळ होती: 'कागद जाड होता आणि चित्रं रंगीत, आमच्या पुस्तकांसारखी नव्हती.' गुरुजींची पुस्तकं साध्या कागदावरची. जाड कागद आणि तसली चित्रं म्हणजे मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं, प्रगती प्रकाशनाची किंवा १९८२ नंतर रादुगाची. मुंबईत ती लोकवाङ्मय गृहात मिळत आणि किमतीने इतकी स्वस्त की गावी येताना चाकरमानी दोन-चार सहज घेऊन येई. तुमचा मामा गिरगावात राहायचा म्हणता, मग झालंच. १९९१ ला सोव्हिएत संघ गेला आणि ती आवकही थांबली.

गोष्ट काय होती हे आपण मनात हवं तसं शिवून घेतो. पुस्तक हाताला कसं लागत होतं, केवढं होतं, कुठे बसून वाचलं, हे सहसा बदलत नाही. म्हणून मी आधी कागद विचारतो, मग कथानक.

माझंच घ्या. वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावर एक पुस्तक होतं, दीपगृहातल्या मुलाचं. पहिली चोवीस पानं वाळवीने खाल्लेली. लहानपणी ते मी पडवीत बसून इतक्यांदा वाचलं की आजी ओरडायची, "ता पुस्तक वाचतंस काय गिळतंस रे?" नाव मात्र माहीत नव्हतं, कारण नाव वाळवीच्या पोटात. पुढे एका कंपोझिटरने युक्ती सांगितली. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एकाच तावावर छापून दुमडलेला गठ्ठा, धरला तर १७, ३३, ४९ या पानांच्या तळाशी जुन्या पुस्तकांत पुष्कळदा बारीक टाइपात पुस्तकाची आद्याक्षरं आणि फर्म्याचा क्रमांक असतो, बांधणाऱ्याच्या सोयीसाठी. ३३ व्या पानावर खाली तीन अक्षरं मिळाली. नुसत्या अक्षरांवरून काय कळणार? मग सापडलं गुप्त पान. वाचनालयं शिक्का आणि दाखल क्रमांक पहिल्या पानाबरोबरच आत एका ठरलेल्या पानावरही मारतात. पहिलं पान फाडून पुस्तक लांबवणाऱ्यांसाठीची ही सोय. ५१ व्या पानाच्या कोपऱ्यात पुसट जांभळा शिक्का होता, आमच्याच तालुक्याच्या वाचनालयाचा.

ग्रंथपालांनी दाखल नोंदवही काढली. क्रमांकासमोर नाव, लेखक, किंमत सगळं होतं आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने 'परत नाही'. ज्या सभासदाच्या नावावर होतं ते माझे काका. ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दंड मागितला नाही, चहा मागवला.

तर ताई, पेटी अजून आहे का ते आचऱ्याला विचारा. पुस्तक मिळालं तर आधी ही पानं बघा. शिक्का असला तर ज्या वाचनालयाचा असेल तिथे जा. मात्र नोंदवह्या सगळीकडे शाबूत असतील असं धरू नका. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी शिरलं होतं. बाकी किनाऱ्यावर दमट हवा आणि कसर बारा महिने आहेच.

पेटी गेली असेल तरी वाचायला दोन्ही मिळतील. गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, त्यामुळे २०११ पासून त्यांचं लेखन मुक्त आहे आणि इंटरनेटवर सापडतं. 'चुक आणि गेक' खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर शोधा, मॉस्कोची बरीच मराठी पुस्तकं तिथे आहेत.

राहिला निळा घोडा. तो या दोन्हींतला नसावा. 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि बालभारतीने त्याचे जुने अंक नेटवर फुकट ठेवलेत, तेव्हा १९८० ते ८४ चे चाळून बघा. पण मला जास्त संशय 'चांदोबा'चा आहे, एखादं सुटं पान त्याच पेटीत पडलेलं असेल. त्यातल्या चित्रांतली माणसं दक्षिणेतली दिसायची, कारण अंक मद्रासहून यायचा. एवढंच आठवून सांगा: घोड्यावर कोणी बसलेलं होतं का, आणि बसणाऱ्याच्या अंगावर कोट होता की उघड्या अंगावर नुसतं उपरणं?