पुतण्याची कझानची फी ऑकलंडहून भरावी का?

प्रश्न: मी ऑकलंडला नोकरी करतो. पुतण्याला रशियात कझानला एमबीबीएसला प्रवेश मिळतोय. कोल्हापूरच्या भावाला सगळी फी झेपणार नाही, म्हणून वर्षाला साधारण १२,००० न्यूझीलंड डॉलर मी इथून थेट विद्यापीठाला पाठवायचं ठरवलंय. रशियावर निर्बंध आहेत, पण ऑफिसातला सहकारी म्हणतो, माओरी पक्ष तटस्थतेच्या बाजूचा आहे, पुढच्या निवडणुकीनंतर हे सगळं सैल होईल. काय करावं?

उत्तर: सहकाऱ्याचं अर्धंच खरं आहे. माओरी पक्ष, म्हणजे ‘ते पाती माओरी’, लष्करी तटस्थता मागतो, ‘फाइव्ह आइज’ या पाच देशांच्या गुप्तवार्ता गटातून बाहेर पडा म्हणतो. पण मार्च २०२२ मध्ये रशिया निर्बंध कायदा संसदेत एकमताने मंजूर झाला, म्हणजे त्या पक्षाच्या मतांसह. इस्रायलवर निर्बंध लावा, ही मागणी तर तो स्वतःच करतो. तेव्हा निर्बंधांना त्याचा सरसकट विरोध आहे असं धरून सहा वर्षांच्या फीचं गणित मांडू नका.

तुम्हाला बांधतो तो हा कायदा. व्यक्तीला सात वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. रशियाला पैसे पाठवण्यावर सरसकट बंदी नाही, ठरावीक व्यक्ती, कंपन्या आणि बँका यादीत आहेत. त्यामुळे विद्यापीठाचं खातं कोणत्या बँकेत आहे, यावर सगळं अवलंबून आहे. न्यूझीलंडच्या परराष्ट्र खात्याच्या यादीत विद्यापीठ आणि ती बँक दोन्ही तपासा. बँक यादीत असेल तर भावामार्फत पाठवूनही सुटका नाही, कारण आडमार्गाने केलेला व्यवहारही कायद्यात येतो. अशा वेळी आधी वकील गाठा. आणि यादीत कुणी नसलं तरी तुमची बँक रशियाचं नाव बघून पैसे अडवून ठेवू शकते.

मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षाची. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार पूर्ण शिक्षण आणि तिथली इंटर्नशिप एकाच संस्थेत व्हावी लागते. मधेच पैशाची वाट बंद झाली तर पोराला दुसरीकडे हलवता येत नाही, आणि भरलेली फी पाण्यात. म्हणून एक वाट धरून चालणार नाही.

यादी स्वच्छ असेल तर माझा कौल भारतातून फी भरण्याला. भारताने रशियावर असे निर्बंध लादलेले नाहीत. (तिथल्या बँकाही चौकशा करतातच, कारण डॉलर-युरो परदेशी बँकांमधून फिरतात.) तुम्ही भावाला भेट म्हणून पाठवा. सख्ख्या भावाकडून आलेल्या भेटीवर त्याला आयकर नाही, आणि तुमच्याकडचा भेट-कर २०११ मध्येच रद्द झालाय. भाऊ एलआरएसखाली, म्हणजे भारतीयांना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, फी भरेल. वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर) नाही, त्याहून जास्त रकमेवर कापला गेला तर आयकर विवरणपत्रात वळता होतो. शक्य असेल तर थोडं शैक्षणिक कर्ज भारतातच घ्या, म्हणजे सगळा भार तुमच्या पगारावर राहणार नाही. आणि एका वर्षाची फी भावाकडे मुदत ठेवीत कायम पडून असू द्या. सहा वर्षांची रक्कम आगाऊ मात्र भरू नका, कितीही सवलत देऊ केली तरी.

टेलिग्रामवरचा एजंट ‘यूएसडीटी (डॉलरशी जोडलेलं क्रिप्टो चलन) द्या, तिकडे रुबल भरतो’ म्हणेल. नाही म्हणा. हजार डॉलरच्या आत तुकडे करून पाठवणं तर शुद्ध बावळटपणा. हजार किंवा त्याहून मोठ्या परदेशी व्यवहाराची नोंद न्यूझीलंड पोलिसांच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे जातेच, त्यात काही वाईट नाही, पण ती टाळायला केलेले तुकडे मात्र संशय ओढवून घेतात.

प्रवेश पक्का करण्याआधी विद्यापीठाकडून फीच्या खात्याचा तपशील त्यांच्या लेटरहेडवर मागवा. एजंट मधे येऊन ‘ते नंतर बघू’ म्हणाला, तर टोकन रक्कमही देऊ नका.