खोके बघायला सातशे किलोमीटर?

प्रश्न : ताई, आमचा मुलगा-सून अमेरिकेत ऑस्टिनला असतात. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. मुलानं झोपायची सोय असलेली व्हॅन भाड्यानं घेऊन पश्चिम टेक्ससमधल्या मार्फा नावाच्या गावी जायचा घाट घातलाय. सोबत सात वर्षांचा नातू. मी ६६ वर्षांची, हे ७१. माझे गुडघे कुरकुरतात. ह्यांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, "ॲल्युमिनियमचे खोके बघायला सातशे किलोमीटर? त्यापेक्षा सातपूर एमआयडीसीत चक्कर मारू." तुम्ही सहकुटुंब जाऊन आलात, म्हणून विचारते. जावं का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : जा. पण एका दिवसात उरकून येणार असाल तर यजमानांचंच ऐका, सातपूर बरं.

मीसुद्धा कुरकुरतच गेले होते. चित्रकलेची शिक्षिका असून! माझं बालपण देवळाली कॅम्पात गेलं. तोफखान्याच्या लांबलचक शेड आणि बॅरेकी बघत मोठी झाले, त्यामुळे मार्फात आमची व्हॅन लष्करी छावणीसारख्या आवारात शिरली तेव्हा मी मुलाला म्हटलं, "अरे, हे तर घरच!" ती खरोखरच जुनी छावणी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन युद्धकैदी ठेवले होते. तोफांच्या शेडमध्ये भिंतीवर त्या काळची जर्मन वाक्यं अजून आहेत. एकाचा अर्थ असा : डोकं गमावण्यापेक्षा ते वापरलेलं बरं.

डोनाल्ड जड हा न्यूयॉर्कचा शिल्पकार १९७१ मध्ये पहिल्यांदा या गावात आला आणि पुढे इथलाच झाला. त्याला संग्रहालयांचा वैताग होता. आज मांडलं, महिन्यानं गुंडाळलं, हे त्याला पटेना. कलाकृती एकदा जागेवर बसली की तिथेच राहावी, बघणाऱ्यानं तिच्याकडे यावं, असं त्याचं म्हणणं. पांडवलेणी कोणी गाडीत घालून गंगापूर रोडला आणत नाही, आपणच पायऱ्या चढतो, तसंच. त्यानं या छावणीतल्या दोन शेडची मोठी दारं काढून तिथे काचा बसवल्या आणि १९८२ ते १९८६ या काळात आत १०० ॲल्युमिनियमचे खोके मांडले. चिनाती फाउंडेशन नावाची ही जागा १९८६ मध्ये लोकांसाठी उघडली.

बाहेरून सगळे खोके एकाच मापाचे. आतली रचना मात्र प्रत्येकाची निराळी. पहिली दहा मिनिटं मला काही म्हणजे काही झालं नाही. मग ऊन जरा कललं. एक खोका आरपार काचेचा वाटायला लागला, शेजारचा धुरकट झाला, तिसऱ्यात बाहेरचं पिवळं गवत उतरलं. भांडी बाजारात दुपारच्या तिरप्या उन्हात नवी पातेली कशी दिसतात, आठवा. माझी नऊ वर्षांची नात वाकून वाकून प्रत्येक खोक्याचं पोट बघत होती. आम्हा मोठ्यांपेक्षा तिलाच ते आधी कळलं.

बाहेर गवतात जडच्याच काँक्रीटच्या खोक्यांचे १५ गट आहेत, एक किलोमीटरभर पसरलेले. एकेक खोका रस्त्याखालच्या मोरीएवढा. तुम्ही दोन-तीन बघून परत फिरलात तरी चालेल. आतल्या भागाचं आरक्षण मात्र निघण्याआधीच करा. आणि सोमवार-मंगळवार टाळा. आम्ही सोमवारी पोचलो, तर गाव कुलूपबंद! १८८६ च्या गुलाबी कचेरीसमोर व्हॅन लावून कुकरला मुगाची खिचडी लावली. तिखटा-मिठाचा डबा होता म्हणून निभावलं.

आता व्हॅन. पायरी उंच असते, तेव्हा एक दणकट, बुटकं स्टूल घ्याच. वरच्या बिछान्यावर तुम्ही चढायचं नाही, तो नातवाचा. रात्री उठावं लागत असेल तर जिथे स्वच्छतागृह जवळ आहे अशाच मुक्कामाच्या जागा घ्या. वाळवंट म्हटल्यावर आम्ही सुती कपडे नेले, हा माझा गाढवपणा. वाळू जवळपास नाहीच. सिन्नरकडच्या उन्हाळी माळासारखं गवत, आणि गावाची उंची १,४०० मीटरच्या वर, म्हणजे महाबळेश्वराच्या तोडीची. रात्री थंडी वाजली तेव्हा कळलं की व्हॅनचा हीटर नादुरुस्त आहे. गाडी ताब्यात घेताना तो चालू करून बघा. देणारा "सगळं ओके" म्हणतोच. पेट्रोल वाटेतल्या फोर्ट स्टॉकटन गावी पूर्ण भरून घ्या, पुढे पंप विरळ. मेक्सिकोची सीमा जवळ असल्यानं त्या भागात रस्त्यांवर तपासणी नाके आहेत, म्हणून दोघांचे मूळ पासपोर्ट हाताशी ठेवा.

यजमानांसाठी खास : गावापासून सुमारे ६० किलोमीटरवर, व्हॅलेंटाइन नावाच्या खेड्याजवळ, आजूबाजूला काही नसलेल्या रस्त्यालगत प्राडा या महागड्या इटालियन पर्स-चपलांच्या कंपनीचं दुकान आहे. दार उघडत नाही. एल्मग्रीन आणि ड्रागसेट या कलावंतांनी २००५ मध्ये उभारलेली ती कलाकृतीच आहे. काही दिवसांतच चोरांनी पर्सा आणि चपला लांबवल्या. मग आत बूड नसलेल्या पर्सा ठेवल्या, आणि चपलाही फक्त उजव्या पायाच्याच आहेत. एमआयडीसीत हे मिळायचं नाही!

रात्री गावाच्या पूर्वेला १५ किलोमीटरवर 'मार्फा लाइट्स' बघायला थांबा. क्षितिजावर दिवे दिसतात, मिटतात, सरकतात. त्यातले बरेचसे लांबच्या महामार्गावरच्या गाड्यांचे असतात, असं अभ्यासकांनी दाखवून दिलंय. नातवाला हे आधी सांगू नका. आमच्या मुलानं लगेच सांगून टाकलं, आणि नात गाडीत जाऊन झोपली.