दह्याशेजारची बरणी

ताई, तुमचं पत्र वाचून आधी हसलो, मग दचकलो. अकरावीतली लेक भोरकडच्या रानातून कोल्ह्याची विष्ठा बरणीत भरून आणते, फ्रीजमध्ये दह्याशेजारी ठेवते आणि "जंगली प्राण्यांच्या पोटातल्या जंतांवर संशोधन करणार" म्हणते. यात पोट भरतं का, आणि गणित सोडू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी ती बरणी काढा, हातमोजे घालून. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आतड्यात इकायनोकॉकस नावाचा जेमतेम काही मिलिमीटरचा पट्टकृमी असू शकतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तीच संसर्गाला तयार. माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी धरतात. घरच्या फ्रीजच्या थंडीने ती मरत नाहीत. शिवाय अभयारण्यातून वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलायचं नसतं, हेही तिला सांगा.

आता पोटापाण्याचं. "वन्यप्राण्यांचे जंत तपासणारा हवा" अशी जाहिरात सहसा निघत नाही. म्हणून मी पशुवैद्यकाकडे झुकतो. परोपजीवीशास्त्र, म्हणजे जंतांसारख्या परोपजीवींचा अभ्यास, तिथे सक्तीचा विषय, शिरवळचं सरकारी कॉलेज पुण्याहून सातारा रस्त्यावरच, प्रवेश नीटच्या गुणांवर. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पुढे याच विषयात एम.व्ही.एस्सी. करता येतं आणि संशोधन रखडलं तरी हातात कमावती पदवी असते. जनावराला सुई टोचायची तयारीच नसेल तर प्राणिशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. आहेच, पण तो रस्ता लांबचा आणि बराचसा फेलोशिपच्या भरवशावरचा.

नीटला गणित लागत नाही, तरी झेपत असेल तर सोडू नका. जंत सगळ्या प्राण्यांत सारखे वाटलेले नसतात. एका कळपातले बहुतेक जंत त्यातल्या मोजक्याच जनावरांच्या पोटात सापडतात. दहा नमुन्यांची सरासरी काढणारा इथे हमखास फसतो. त्यात इकायनोकॉकसची आणि टीनिया या दुसऱ्या पट्टकृमीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखी, वेगळी ओळखायला डीएनए लागतो. म्हणजे संख्याशास्त्र आणि प्रयोगशाळा, दोन्हींशी गाठ.

तोवर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मॅडमच्या देखरेखीखाली, शेळीच्या लेंड्यांवर हात बसवू दे. मिठाच्या संपृक्त पाण्यात गोलकृमींची अंडी वर तरंगतात. यकृतकृमींची जड, ती तळाशी शोधावी लागतात. असे वीस-पंचवीस नमुने तपासूनही कंटाळली नाही, तर मला पुन्हा लिहा. पुढच्या वेळी पत्र तिलाच लिहू दे.