लग्न झालेलं नाही, मूल मात्र आहे : पोटगीचे प्रश्न

प्रश्न : मी 26 वर्षांचा असून चाकणला एका कारखान्यात कामाला आहे. हातात 24,000 रुपये येतात. माझी मैत्रीण (वय 23) सहा महिन्यांची गरोदर आहे. आमचं लग्न झालेलं नाही, होणारही नाही. मूल नको असं मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, तिनं ऐकलं नाही. आता दोन्ही घरच्यांनी ठरवलंय की मी 2 लाख रुपये एकरकमी द्यायचे आणि 'यापुढे कसलीही मागणी करणार नाही' असं तिनं स्टँपपेपरवर लिहून द्यायचं. एवढ्यावर विषय मिटेल ना? – एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : मिटणार नाही. पोटगीचा हक्क मुलाचा आहे. तो आईला सोडता येत नाही आणि आजी-आजोबांना तर नाहीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 (1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125) औरस-अनौरस (लग्नातून किंवा लग्नाशिवाय झालेलं) असा फरक न करता, स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाची जबाबदारी ऐपत असलेल्या बापावर टाकतं. धर्म कोणताही असो, हे कलम लागू होतं. पोटगी साधारणपणे 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत असते. मूल अपंगत्वामुळे कमावू शकत नसेल तर पुढेही.

शिवाय हिशोब करून पाहा. 2 लाख रुपये 216 महिन्यांवर पसरले तर महिन्याला 926 रुपये पडतात. एवढ्यात दूध आणि औषधंही निघत नाहीत. उद्या मुलाच्या नावानं अर्ज झाला तर न्यायालय तो स्टँपपेपर बाजूला ठेवील. दिलेली रक्कम फार तर आकडा ठरवताना विचारात घेईल, तीही बँकेतून गेली असेल तर. तडजोडच करायची असेल तर अर्ज दाखल झाल्यावर न्यायालयात संमतीच्या अटी नोंदवून घ्या आणि एकरकमी पैसे मुलाच्या नावे मुदतठेवीत टाका.

'मूल नको म्हटलं होतं' हा बचाव टिकत नाही. गर्भपाताला सज्ञान स्त्रीची संमती पुरते आणि ती लागतेच. पुरुषाच्या होकाराला किंवा नकाराला त्या कायद्यात जागा नाही.

किती द्यावे लागतील? 'पगाराच्या 25 टक्के' हा वकिलांच्या बाररूममध्ये ऐकू येणारा आकडा पत्नीच्या पोटगीच्या निकालांतून आला आहे. मुलासाठी कायद्यात टक्केवारी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं शपथपत्र द्यावं लागतं. उत्तर देणाऱ्याला त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे मिळतात. पीएफसारखी सक्तीची कपात सहसा वजा होते. बाइकचा हप्ता किंवा हौसेनं काढलेलं कर्ज दाखवून ऐपत कमी झाली असं म्हणता येत नाही. नोकरी सोडली म्हणूनही सुटका नाही, कारण धडधाकट माणसानं मजुरी करून का होईना मुलाला पोसावं, अशीच न्यायालयांची भूमिका आहे. आई कमावती असेल तर भार दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जातो.

मूल आपलं आहे का याबद्दल प्रामाणिक शंका असेल तर पैसे सुरू करण्याआधी बोला. नियमित पाठवलेले पैसे पुढे पितृत्व मान्य केल्याचा पुरावा म्हणून दाखवले जातात. ऑनलाइन मागवलेल्या किटचा अहवाल उपयोगाचा नाही, कारण नमुना कुणाचा हे त्यातून सिद्ध होत नाही. न्यायालयाच्या आदेशानं चाचणी झाली तर आई, मूल आणि पुरुष या तिघांची ओळख फोटोसह फॉर्मवर नोंदवून, साक्षीदारांसमोर नमुने सीलबंद होतात. शंका नसेल तर जन्मापासून दरमहा ठरावीक तारखेला बँकेनं किंवा यूपीआयनं पाठवा आणि शेऱ्यात 'मुलाचा खर्च' लिहा. रोख दिलेले पैसे न्यायालयात दिसत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. त्याचे वडील नाशिकला नोकरी करतात. आम्ही तिथेच वर्षभर भाड्यानं राहत होतो. आता ते 'मूल माझं नाही' म्हणतात. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव नाही. मी माहेरी, साताऱ्यात आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. – एक आई

उत्तर : दाखल्यात नाव नाही म्हणून दावा पडत नाही. अविवाहित आईला वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे. अशी प्रकरणं अडतात ती दुसऱ्याच दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे अर्जदार कोण. अनेक जणी स्वतःला पत्नी म्हणवून अर्ज करतात. मग 'लग्न कुठे झालं?' यावरच वर्ष-दोन वर्षं जातात आणि मुलाचा मुद्दा मागे पडतो. अर्जावर मुलाचं नाव 'अज्ञान, अ.पा.क. आई' असं लिहा, म्हणजे अर्जदार 18 वर्षांखालचं मूल आणि आई त्याची पालनकर्ती. लग्न सिद्ध करण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरं, न्यायालय कुठलं. पत्नीला आपल्या राहत्या ठिकाणी अर्ज करता येतो. अविवाहित आईसाठी मात्र नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 145 पुरुष जिथे आहे किंवा तो मुलाच्या आईबरोबर शेवटचा जिथे राहिला ती जागा सांगतं. साताऱ्यात अर्ज केलात तर पहिल्याच तारखेला हरकत येईल. नाशिकलाच करा. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे त्यात, नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

वकिलाची फी हा अडथळा नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्या किंवा 15100 वर फोन करा.

पुराव्यात भाडेकरार, घरमालकाची किंवा शेजाऱ्यांची साक्ष, प्रसूतीच्या वेळी त्यांनी सही केली असल्यास तो कागद, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि संदेश येतात. नुसते स्क्रीनशॉट छापून देऊ नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. अर्जातच डीएनए चाचणीची मागणी घाला. आदेश होऊनही ते नमुना द्यायला आले नाहीत तर न्यायालय त्यांच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं.

मुख्य अर्जाबरोबरच अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीचा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत तो निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि बहुतेक वेळा नोटीसच पोहोचलेली नसते. म्हणून घरासोबत नोकरीचाही पत्ता द्या. ते मुद्दाम टाळत असतील तर एकतर्फी आदेश होऊ शकतो.

आदेश हातात आल्यावर खरी गफलत होते. थकलेल्या प्रत्येक रकमेसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुली अर्ज करावा लागतो. 'देतील आज ना उद्या' म्हणून तीन वर्षं थांबलात तर जुनी थकबाकी या मार्गानं वसूल करणं अवघड जातं. सहा महिने थकले की अर्ज टाका. दंडासारखी वसुली होते, म्हणजे जंगम (हलवता येणाऱ्या) मालमत्तेची जप्ती किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे. वॉरंट बजावूनही पैसे आले नाहीत तर थकलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आलं म्हणून देणं फिटत नाही. शाळा सुरू झाली, खर्च वाढला की कलम 146 खाली रक्कम वाढवून मागा.

प्रश्न : अशा मुलाला वडिलांच्या शेतीत वाटा मिळतो का? – सोलापूर

उत्तर : आईवडील हिंदू असतील आणि लग्नाचा कुठलाच विधी झाला नसेल, तर वारसा कायद्यानं मूल फक्त आईचं वारस ठरतं. लग्न झालं पण ते बेकायदा ठरलं, अशा जोडप्यांच्या मुलांची गोष्ट वेगळी. वडील वारले तर अज्ञान मुलगा आणि अविवाहित मुलगी त्यांच्या मालमत्तेतून पोषणखर्च मागू शकतात. तो 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याखालचा दिवाणी दावा असतो. जमीनच द्यायची वडिलांची इच्छा असेल, तर त्यांनी स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र करून ठेवावं आणि त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख व आईचं नाव स्पष्ट लिहावं.