ओव्हरस्पीडिंगमध्ये लायसन्स जप्त झालं. कोर्स केला तर दंड वाचतो का, आणि आरटीओच्या समुपदेशनात नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या पामबीच रोडवर पोलिसांनी अडवलं, चलन केलं, लायसन्सही ठेवून घेतलं. इंग्लंडमधल्या तुमच्या भावाने म्हणे एक कोर्स करून दंड वाचवला, तसं इथे होतं का? आणि समुपदेशनाला बसवतात तेव्हा काय करतात?

दंड वाचत नाही. मी या सगळ्यातून गेलोय. त्याच रस्त्यावर, रविवारी सकाळी सव्वासातला, रस्ता मोकळा असताना. चलनावर छापून आलं होतं: मर्यादा 60, वेग 87. हवालदारांनी स्पीड गनमधला फोटो दाखवला. माझीच गाडी, माझीच नंबर प्लेट, काय बोलणार? कारला 2000 रुपये. ते मी तिथेच भरले आणि सुटलो असं वाटलं, तेवढ्यात त्यांनी लायसन्स मागितलं आणि त्याच्या बदल्यात पावती हातात ठेवली.

दोन गोष्टींमध्ये लोकांचा घोळ होतो. नुसतं कॅमेऱ्याचं ई-चलन मोबाइलवर आलं, तर ते गाडीमालकाच्या नावावर येतं आणि बहुतेकदा पैसे भरून विषय संपतो. तुम्हाला प्रत्यक्ष अडवलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 खाली लायसन्स ताब्यात घेऊन ते निलंबनासाठी आरटीओकडे पाठवता येतं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना कळवलं होतं की ओव्हरस्पीडिंग, सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं, चालवताना मोबाइल अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. मला तीनच महिने मिळाले. आधी कारणे दाखवा नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते. ती नोटीस कपाटात टाकू नका. आदेश चुकीचा वाटला तर 30 दिवसांत अपील करता येतं. मी केलं नाही, कारण 87 म्हणजे 87.

निलंबनाच्या काळात ‘कोपऱ्यावरच तर जायचंय’ म्हणून गाडी काढू नका. कलम 182 खाली 10,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुमच्या भावाचं प्रकरण वेगळं आहे. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये रेडिंगला असते, तिनेही तो कोर्स केलाय. तिथे मर्यादा थोडक्यात ओलांडली असेल, तर पोलीसच पर्याय देतात: एकतर 100 पाउंड दंड आणि लायसन्सवर चुकीचे तीन पॉइंट, नाहीतर स्वतःच्या खर्चाने कोर्स. कोर्सला परीक्षा नसते, पण नुसतं बसूनही चालत नाही, बोलावं लागतं. आणि तीन वर्षांत तोच कोर्स पुन्हा मिळत नाही. ती आठ वर्षं तिथे गाडी चालवत होती आणि तिला त्या दिवशी कळलं की रस्त्याला दिव्यांचे खांब असले आणि वेगळी पाटी नसली, तर मर्यादा 30 मैल धरायची. म्हणजे आपले 48 किलोमीटर. तिथे कोर्स दंडाच्या ऐवजी असतो, इथे दंड आणि निलंबन झाल्यावर वर समुपदेशन. 2019 च्या दुरुस्तीने ‘ड्रायव्हर रिफ्रेशर ट्रेनिंग कोर्स’ आपल्या कायद्यातही आला, पण तोही निलंबित लायसन्स परत मिळवण्यासाठीच, दंड चुकवायला नाही.

आता समुपदेशन. माझ्या वेळी दोन तासांचं होतं. बाहेर एक एजंट भेटला, “बसायची गरज नाही, सर्टिफिकेटचं मी बघतो” म्हणाला. तुम्हालाही भेटेल. आत खोलीत वीसेक जण, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. मला वाटलं होतं अपघाताचे रक्ताळलेले फोटो दाखवतील आणि ‘घरी तुमची कोणीतरी वाट बघतंय’ ऐकवतील. पहिला अर्धा तास साधारण तसाच गेला. मी मोबाइलवर ऑफिसचे मेल बघत होतो.

मग निरीक्षक मॅडमनी विचारलं, “जिथे पकडलं त्या रस्त्याची मर्यादा पकडायच्या आधी कोणाला माहीत होती?” चार हात वर झाले. त्यात माझा नव्हता. गेली अकरा वर्षं मी पामबीचने जातोय.

नंतर त्यांनी फळ्यावर दोन गाड्या काढल्या, शेजारीशेजारी. एक 60 ने, एक 80 ने. समोर अचानक माणूस. दोघांना ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागतो असं धरा, रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. 60 वाली त्या सेकंदात 17 मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर अजून 20, म्हणजे 37 मीटरला उभी. “आता सांगा, त्याच जागी 80 वाली किती वेगात असेल?” कोणी 20 म्हणालं, कोणी 30. मी मनात 25 धरले होते. उत्तर निघालं जवळपास 60. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबते, तिथून दुसरी 60 च्या वेगाने पुढे जाते, कारण त्या एका सेकंदातच ती 22 मीटर गेलेली असते आणि ब्रेकला जेमतेम 15 मीटर उरतात.

माझा विश्वास बसला नाही. घरी येऊन एक्सेलमध्ये मांडलं, माझे 87 टाकले. 37 मीटरला मी 72 च्या वेगात असतो. पूर्ण थांबायला 66 मीटर.

तेव्हा लायसन्स नव्हतं, म्हणून मी नेरूळहून ऐरोलीला ट्रान्स हार्बर लोकलने जात होतो. लोकलचा एक डबा साधारण 20 मीटरचा. दुसऱ्या दिवशी गाडी फलाटाला लागली तेव्हा मी डबे मोजले. 60 वाला दुसरा डबा संपायच्या आत थांबतो. मी तीन डबे ओलांडून चौथ्यात शिरलो असतो. आणि हे सगळं कशासाठी? वाशी ते बेलापूर दहा किलोमीटर धरा. 60 ने दहा मिनिटं, 80 ने साडेसात. मधले सिग्नल लागले तर तीही अडीच मिनिटं हातात राहत नाहीत.

माझ्या शेजारी एक पिकअपवाला होता, नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो आणणारा. त्याला हे गणित अजिबात पटलं नाही. चुकीचं आहे म्हणून नव्हे. म्हणाला, “साहेब, तुम्ही हौसेनं पळवता. आम्हाला भाव पळवतो. माल उशिरा उतरला की त्याच टोमॅटोचा भाव पडतो, मग शेठ आमच्या नावानं बोंबलतो.” त्याचेही तीन महिने गेले होते. माझं काय झालं? लोकलचा पास काढला आणि बायकोच्या शेजारी डावीकडे बसायला लागलो. ती 55 ने चालवते, आणि पहिले काही दिवस माझा उजवा पाय उगाच मॅटवर ब्रेक दाबायचा. त्याची मात्र तीन महिन्यांची कमाई बुडाली. दोघांनाही एकच व्याख्यान आणि एकच शिक्षा, हे मला आजही नीट पचलेलं नाही. ते त्याच्या शेठलाही ऐकवायला हवं होतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की याने काही फरक पडतो का. 2000 रुपयांनी माझ्यात काडीचाही फरक पडला नसता, हे प्रामाणिकपणे सांगतो. याआधी दोन चलनं भरली होतीच आणि दोन्ही वेळा पोलीस कुठे उभे असतात तेवढंच शिकलो. ते ज्ञानही आता फारसं कामाचं नाही. 2024 पासून पुणे एक्स्प्रेसवेवर दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि लागलेला वेळ यावरून सरासरी वेग काढतात, त्यामुळे कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे पळवणाऱ्यालाही चलन येतं. डब्यांचं गणित मात्र डोक्यातून जात नाही. पामबीचवर काटा 70 कडे गेला की मला नेरूळचा फलाट दिसतो.

जाताना जप्तीची पावती, नोटीस, चलन भरल्याची पावती आणि आधार, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन जा. वेळेआधी पोचा, पंख्याखालची जागा मिळेल. आणि पेन दोन न्या. तिथे फॉर्म भरायचा असतो, आणि माझं एकुलतं एक पेन त्या पिकअपवाल्याबरोबर नारायणगावला गेलं.